झडती घेणारे हात

माणसाच्या अंगाला हात लावून बघायची नोकरी असते, हे मला चाकणला येईपर्यंत माहीत नव्हतं. आमच्या उदगीरकडं परक्या माणसानं बाईच्या अंगाला हात लावला तर गाव गोळा होईल. इथं कंपनीच्या गेटवर शिफ्ट सुटली की आम्ही बायका रांगेनं उभ्या राहायचो, हात आडवे पसरायचो, आणि खाकी शर्टपँटमधली एक बाई खांद्यापासून घोट्यापर्यंत आमची झडती घ्यायची. त्या बाईचं नाव हौसाबाई. आम्ही सगळ्या त्यांना हौसामावशी म्हणायचो.

आमची कंपनी गाड्यांच्या वायरिंगची. वायरींच्या टोकांना तांब्याच्या बारीक पिना बसवायच्या आणि दिवसभर उभं राहून त्या तपासायच्या. पिना नखाएवढ्या, पण तांबं ते तांबंच. म्हणून झडती. मी लग्न होऊन मोशीला खोली घेऊन राहायला आले, महिना झाला नाही तोवर कामाला लागले. पहिल्या दिवशी पाय इतके सुजले होते की चपलेत मावत नव्हते. तशीच लंगडत गेटवर आले आणि पुढच्या बाईची झडती बघितली. माझी पाळी आली तसं मी अंग चोरलं, डोळे मिटले.

"भाजी काय केली व्हतीस आज?" मावशींनी विचारलं.

मला वाटलं, दुसऱ्याच कुणाला विचारताहेत. डोळे उघडले तर त्या माझ्या खांद्यावरून पलीकडं, बसच्या रांगेकडं बघत होत्या.

"शेपू," मी म्हणाले.

"डाळ घालून का बटाटा घालून?"

"मुगाची डाळ."

"चल, हो पुढं."

झडती झालीसुद्धा होती. शेपूत डाळ घातली की बटाटा, हे आठवेपर्यंत त्यांचे हात माझ्या घोट्यापर्यंत पोचून परत आले होते.

ती त्यांची रीत होती. प्रत्येकीला भाजी विचारायची आणि झडती चालू असताना तोंडाकडं बघायचं नाही. झडती आत येतानाही असायची; थंडीच्या दिवसांत पहिल्या शिफ्टच्या बायका आत येताना त्या दोन्ही तळवे एकमेकांवर घासून गरम करायच्या, मगच हात लावायच्या. सुटीच्या दिवशी त्यांच्या बदली दुसरी एक पोरगी असायची. आम्ही तिला मॅडम म्हणायचो. ती वाईट नव्हती, पण तिचा हात गोण्या मोजणाऱ्यासारखा पडायचा. तिच्या हातून सुटलो की बसमध्ये बसेपर्यंत अंग नको नको व्हायचं. मावशींच्या हाताचं तसं कधी झालं नाही. का झालं नाही, हे तेव्हा मला सांगता आलं नसतं.

भाजीच्या प्रश्नातून त्यांना सगळ्या लाइनीची खबर असायची. महिनाअखेरीला सगळ्यांचं उत्तर एकच, चटणी. कुणी सलग तीन दिवस "सासूनं केली होती, मला माहीत नाही" म्हणाली, की मावशींना कळायचं की त्या घरात बोलणं बंद आहे. माझं उदगीरकडचं "आता जायलेय" त्यांना फार गमतीचं वाटायचं. "जा बाय, जायलीस तर जा," म्हणून त्या मला चिडवायच्या.

मावशी राजगुरुनगरच्या अलीकडच्या एका वस्तीतल्या. घरून लुगड्यात यायच्या आणि गेटच्या केबिनमध्ये खाकी पँट चढवायच्या. गावातून पँट घालून चालायला त्यांचा जीव धजत नव्हता. पँटचा पट्टा त्यांच्या पोटाला कधी पुरला नाही, म्हणून आतून नाडी बांधायच्या. कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि त्यावर टोपी. साहेब आला की टोपी घालायच्या, साहेब गेला की काढून खुंटीला लावायच्या. "डोस्कं उकडतं माझं, कंपनीचं काय जातं," असं म्हणायच्या. नवऱ्याबद्दल फारसं बोलायच्या नाहीत. एक मुलगा होता, टेंपो चालवायचा. याच्यापलीकडं त्यांच्या घरचं आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आमच्या प्रत्येकीच्या घरचं मात्र त्यांना ठाऊक होतं.

पण त्या ढिल्या होत्या असं कुणी समजू नये. एकदा इन्सुलेशन टेपचा बोटभर तुकडा माझ्या बाहीला चिकटून आला होता. त्याची किंमत शून्य. मावशींनी तो सोलून काढला आणि म्हणाल्या, लाइनीवर ठेवून ये. मी म्हणाले, मावशी, बस सुटेल, पाय उभे राहत नाहीत. त्या म्हणाल्या, सुटंना का. मी आत गेले, तुकडा ठेवला, परत आले. बस गेली होती. दुसऱ्या बसनं मोशीपर्यंत उभ्यानं गेले आणि सगळ्या रस्त्यानं त्यांना मनातल्या मनात शिव्या दिल्या.

रेखाचं प्रकरण झालं ते दुसऱ्या वर्षी. रेखा आमच्याच लाइनीवर, माझ्यापासून चार टेबलं पलीकडं. नवरा दारू प्यायचा, दोन लेकरं. त्या दिवशी रांगेत ती माझ्या पुढं होती. मावशींनी तिचा डबा उघडला, आतलं फडकं उचललं, परत ठेवलं आणि झाकण लावलं. "थांब बाजूला, तुझ्याशी काम हाय," एवढंच म्हणाल्या आणि मला भाजी विचारली. आमची सगळी रांग संपली, बस निघाली, तरी रेखा भिंतीशी उभी होती. दुसऱ्या दिवशी कळलं. फडक्याखाली तांब्याच्या पिना होत्या. रेखाला काढून टाकलं होतं.

बायका फार चिडल्या. दोन लेकरांची आई आहे, मूठभर पिनांनी कंपनी बुडणार होती का, झाकण लावलंच होतं तर लावून सोडायचं, असं सगळ्या म्हणायला लागल्या. गोड बोलून खबर काढते आणि साहेबाला देते, असंही कुणीतरी म्हणालं. दुसऱ्या दिवसापासून गेटवर मावशी "भाजी काय?" विचारायच्या आणि कुणी उत्तर द्यायचं नाही. मीही दिलं नाही. त्यांनी विचारणं सोडलं नाही. हात तसेच, नजर तशीच पलीकडं. रोज शंभर बायकांना विचारायचं आणि एकीनंही बोलायचं नाही, असं कितीतरी दिवस चाललं. त्यांचा चेहरा उतरला होता, पण खुलासा म्हणून त्या एक अक्षर बोलल्या नाहीत.

पुढं चाकणच्या आठवडे बाजारात मला रेखा भेटली. मी तोंड कसं दाखवू या विचारात होते, तर तीच हाक मारत आली. ती एका खानावळीत पोळ्या करत होती. खानावळ मावशींच्या भाचीची. रेखानं मला जे सांगितलं ते असं. त्या दिवशी साहेब पोलिसांना बोलवायला निघाला होता. मावशी दारात आडव्या उभ्या राहिल्या. कामावरून काढा, ते तुमच्या हातात आहे, पण पोलीस नको, तिची लेकरं शाळेत आहेत, असं म्हणत राहिल्या. साहेब कंटाळून हो म्हणेपर्यंत त्या हलल्या नाहीत. मग संध्याकाळी रेखाच्या खोलीवर आल्या.

"शिव्या लई दिल्या मला," रेखा म्हणाली. "दार लावून घेतलं आणि दिल्या. मग चहा कर म्हणल्या. चहा पिऊन म्हणल्या, उद्यापासनं माझ्या भाचीकडं जा."

सोमवारी गेटवर मी मावशींना विचारलं, हे तुम्ही आम्हाला सांगितलं का नाही?

मावशी माझ्या पाठीवरून हात खाली नेत होत्या. "तिची चोरी मी सांगत फिरू व्हय?" त्या म्हणाल्या. "भाजी काय केली व्हतीस?"

"वांगं," मी म्हणाले. मागची बाई दोडका म्हणाली. तिच्या मागची काय म्हणाली ते मी ऐकलं नाही, पण म्हणाली.

नंतरच्या उन्हाळ्यात नवा सिक्युरिटी ऑफिसर आला. त्याच सुमारास स्टोअरमधून महागड्या कनेक्टरची एक पेटी गायब झाली. ऑफिसर नवीन, त्याला काहीतरी करून दाखवायचं होतं. शिफ्ट सुटताना आम्हाला कळलं की आज झडती आतल्या खोलीत होणार, आणि बायकांनी अंगावरचे कपडे उतरवायचे. रांगेत आम्ही एकमेकींकडं बघायचं बंद केलं. एक नवीन पोरगी रडायला लागली. तिचं नुकतंच लग्न ठरलं होतं. कुणाची "नाही" म्हणायची हिंमत नव्हती. आम्ही सगळ्या ठेकेदाराच्या. आज नाही म्हटलं तर उद्या गेट बंद. आणि खरं सांगायचं तर आम्ही इतक्या दमलो होतो की काय करायचं ते करा, पण लवकर सोडा, असंही मनात आलं. माझ्या तरी आलं.

ऑफिसरनं मावशींना खोलीत जायला सांगितलं.

"साहेब," मावशी म्हणाल्या, "चाचपून बगायचं काम मी करते. उघडं करायचं काम मी केल्यालं न्हाई. करनार न्हाई."

"मावशी, ऑर्डर आहे."

"आसंल."

"मग मी दुसरी बाई लावतो."

"लावा," मावशी म्हणाल्या. त्यांनी टोपी काढली, आपलं स्टूल उचललं, त्या खोलीच्या दारात नेऊन ठेवलं आणि त्यावर बसल्या. "ती येईस्तोवर मी हितंच हाय. आली की तिला माझ्यावरनं जावं लागंल."

दुसरी बाई कुठून येणार होती? मॅडम सुटीवर. आम्ही उभ्या. बाहेर बस हॉर्न मारायला लागल्या. दुसऱ्या शिफ्टच्या बायका गेटबाहेर उन्हात तिष्ठत होत्या, कारण आमची रांग सुटल्याशिवाय त्यांना आत घेता येत नव्हतं. लाइन बंद पडली तसे प्रॉडक्शनचे मोठे साहेब स्वतः खाली आले, ऑफिसरशी बाजूला जाऊन बोलले आणि वर गेले. ऑफिसर म्हणाला, ठीक आहे, नेहमीसारखं करा.

मावशी उठल्या. स्टूल जागेवर ठेवलं. आणि रोजच्यापेक्षा जास्त नीट झडती घेतली. एकेकीचे डबे, पिशव्या, केसांचे अंबाडेसुद्धा बघितले. काही निघालं नाही. त्या दिवशी मात्र त्यांनी भाजी विचारली नाही.  

दुसऱ्या दिवसापासून त्यांची बदली मागच्या गेटवर झाली. तिथं ट्रक यायचे. डोक्यावर पत्रा नाही, दिवसभर धूळ आणि डिझेलचा धूर. चैत्र-वैशाख त्यांनी तिथं काढला. ती पेटी पुढं कंपनीच्याच दुसऱ्या गोदामात सापडली, चुकून तिकडच्या मालात गेली होती. साहेबांपैकी कुणी मावशींना ते सांगायला गेलं नाही. आम्हीच जेवणाच्या सुट्टीत धावत जाऊन सांगितलं. त्या पाण्याच्या बाटलीनं तोंड धूत होत्या. "सापडली न्हवं, बरं झालं," म्हणाल्या. पावसाळ्यात मॅडम नोकरी सोडून गेली तेव्हा त्यांना परत आमच्या गेटवर आणलं. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "ट्रकवाले तुमच्यापरीस बरे. भाजी इचारली की वाडूनच देत्यात."

आता माझं सांगते, कारण ते सोडून मावशींबद्दल सांगता येत नाही.

मला दिवस गेले होते ते मी कंपनीत कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं की ठेकेदार पुढच्या महिन्यापासून येऊ नको म्हणायचा, हे सगळ्यांना माहीत होतं. मी ओढणी सैल घ्यायचे, ढगळ कुर्ते घालायचे. मावशींना हातानं कळलं असणारच. एक दिवस त्यांचा हात कमरेपाशी येताना नेहमीच्या जागेच्या वरच थांबला आणि बाजूनं गेला. त्यानंतर रोज तसाच जायचा. दुसऱ्या दिवशी फक्त लाइन लीडरनं मला बसायला स्टूल दिलं. कुणी सांगितलं, विचारलं तर म्हणाला, पाय दुखतात म्हणे तुझे.

पाचव्या महिन्यात सगळं संपलं. दवाखान्यातून घरी आले, थोडे दिवस पडून राहिले. सासूबाई गावाहून आल्या होत्या. त्या वाईट नव्हत्या, पण दिवेलागणीला रडू नये, दारात रडू नये, जेवताना रडू नये, असं त्यांचं चालायचं. रडायला जागाच नव्हती म्हणा ना. मग मी कामावर परत गेले. काय झालं ते कुणाला माहीत नव्हतं, म्हणून कुणी काही विचारलं नाही. दिवसभर पिना तपासल्या.

शिफ्ट सुटल्यावर गेटवर हात पसरून उभी राहिले. मावशींनी भाजी विचारली, मी काहीतरी सांगितलं. त्यांचा हात सवयीनं कमरेच्या वर थांबला, बाजूनं जायला निघाला. आणि तिथंच राहिला. त्यांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं बघितलं.

त्यांनी दुसरा हात माझ्या पाठीवर ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. मागं सगळी रांग. कुणीतरी "चला की मावशी" म्हणालं. मावशींनी मला धरून केबिनमध्ये नेलं, आपल्या स्टुलावर बसवलं, दार ओढलं आणि परत जाऊन उरलेल्या बायकांची झडती घेतली. दाराबाहेर मला त्यांचा आवाज ऐकू येत होता. भेंडी का, चवळी का. बस गेली ते ऐकू आलं. मी तिथं त्यांच्या लुगड्याच्या पिशवीवर डोकं ठेवून रडले, घरच्यासारखं तोंड फडक्यात कोंबायची गरज पडली नाही.

त्या आल्या तेव्हा हातात चहा होता. मी पिईपर्यंत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "माझंबी एक गेलंय. लई वर्सं झाली. त्याचं नावबी ठिवल्यालं न्हाई." रिकामा कप माझ्या हातातून घेतला आणि म्हणाल्या, "नाव न्हाई, तरी हाय."

दुसऱ्या कंपनीच्या बसवाल्याला हात करून त्यांनी मला मोशीपर्यंत बसवून दिलं.

मला नंतर मुलगी झाली. आता ती शाळेत जाते. मी लाइन लीडर झाले आहे. नव्या पोरींना पिन धरायला शिकवताना बोटं हातात घ्यावी लागतात, तेव्हा मी आधी विचारते, धरू का गं. पोरी हसतात.

पुढं गेटवर यंत्राची चौकट आली. आतून चालत जायचं, काही असलं की लाल दिवा लागतो. कुणी कुणाला हात लावत नाही. सगळ्यांना बरं वाटलं, मलाही. मावशी काही दिवस त्या चौकटीशेजारी खुर्चीवर बसायच्या, लाल दिवा लागला की उठायच्या. उठताना गुडघ्यांवर हात द्यावा लागायचा. मग एका सोमवारी त्या जागी दुसरंच कुणीतरी होतं. ठेकेदाराच्या माणसाला निरोप समारंभ नसतो.

मी आणि रेखा गेल्या दिवाळीनंतर त्यांच्याकडं गेलो. रेखाला वस्ती माहीत होती. मावशी ओट्यावर बाजेवर बसल्या होत्या. पार वाळल्या होत्या, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. रेखाला त्यांनी ओळखलं, भाचीची चौकशी केली. माझ्याकडं बराच वेळ बघितलं.

"ही कंपनीतली का?"

मी नाव सांगितलं. उदगीरची, म्हटलं. जायलेय म्हणणारी. त्या हसल्या, पण त्यांना ओळख लागत नव्हती ते दिसत होतं. सून चहा टाकायला आत गेली आणि रेखा तिच्या मागं गेली, तेव्हा मी हळू आवाजात त्यांना केबिनमधलं सांगितलं. चहाचं, त्या काय बोलल्या त्याचं. मला वाटलं होतं, ते ऐकल्यावर तरी आठवेल.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग मान हलवली. "आसंल गं," म्हणाल्या. "लई जनी व्हत्या. माज्या हाताखालनं किती गेल्या. कुनाकुनाचं ध्यानात ठिवू?"

मला लागलं. खोटं कशाला सांगू. इतकी वर्षं मी जपलेली गोष्ट, आणि त्यांच्याकडं तिची खूणसुद्धा नव्हती. मग चहा आला. चहा पिताना हळूहळू मनात आलं की माझ्यासारख्या आणखी किती बायका त्या स्टुलावर बसल्या असतील. कुणाची काय गोष्ट असेल. त्या सगळ्या ध्यानात ठेवायच्या म्हटल्या तर माणूस गेटवर उभं कसं राहील?

मावशींना बसवत नव्हतं. गुडघ्यांची चिडचिड करत होत्या, सुनेवर दोनदा खेकसल्या, डॉक्टरला शिव्या दिल्या. रेखानं आणलेलं लुगडं बघितलं आणि "कशाला खर्च केला" म्हणून बाजूला ठेवलं. आम्ही उठलो. त्यांनी बसल्या जागेवरून हात वर केला.

रस्त्यावर रिक्षापाशी पोचल्यावर माझ्या ध्यानात आलं की मोबाइल ओट्यावरच राहिला. रेखाला थांबवून मी परत गेले. सून अंगणात होती. तिनं ओठांवर बोट ठेवलं. मावशी बाजेवर भिंतीकडं तोंड करून झोपल्या होत्या, एक हात उशाशी, तोंड अर्धवट उघडं. सून कुजबुजली, गुडघ्यांपायी दुपारचा डोळा लागत नाही त्यांचा, आज लागला.

मी ओट्याखाली चपला काढल्या, पावलं न वाजवता वर गेले, मोबाइल उचलला. त्यांचा श्वास संथ चालला होता. खाली उतरून मी चपला हातात घेतल्या, आणि अंगण संपेपर्यंत त्या हातातच ठेवल्या.